तंगूस कुठली?

आयर्लंडमध्ये बर्फाला भोक पाडून कोणी मासे धरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडण नको. तिथल्या पाण्याला नीट गोठायचीसुद्धा शिस्त नाही. सकाळी गोठल्यासारखं करतं आणि दुपारी दोन किरण पडले की माघार घेतं. तरीही दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, लिक्सलिपच्या एका वन-बेड फ्लॅटमध्ये बसून, बर्फातल्या मासेमारीला कुठली तंगूस घ्यावी याचा मी जेवढा अभ्यास केला तेवढा उत्तर ध्रुवावरच्या अस्वलांनीही केला नसेल. माझं सगळं इंजिनिअरिंग त्यापुढे पासिंगपुरतं.

तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा. घाटावरच्या वाचकांसाठी सांगितलं. खाडीकाठच्यांनी माफ करावं.

आता हा अभ्यास का, तर मामासाठी. आणि मामासाठी का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझा फ्लॅटमेट आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेला, एक छोटी बॅग घेऊन, दहा दिवसांत येतो म्हणून. साथ आली, विमानं बंद झाली. मग त्याच्या कंपनीने सांगितलं, तिथूनच काम कर. मग त्याने सांगितलं, तिथेच राहतो. त्याचं अर्धं भाडं बंद झालं आणि सामान मात्र राहिलं. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. स्वयंपाकघरातल्या त्या प्रेसमध्ये त्याचा बिनशिट्टीचा कुकर, त्याच्या आईने बांधून दिलेला लोखंडी खलबत्ता आणि मेतकुटाची बरणी अशी तिघं जणं राहू लागली. मी धरून आम्ही चौघं. बोलणारा मी एकटाच.

माझं ऑफिस ब्लँचर्डस्टाउनला होतं, ते लॅपटॉपमधल्या चौकोनांत जाऊन बसलं. सरकारने घरापासून पाच किलोमीटरचं रिंगण आखून दिलं. त्या रिंगणात मी इतक्या फेऱ्या मारल्या की फूटपाथ माझ्या पावलाच्या आकाराचा झिजला. तिथला प्रत्येक कुत्रा मला ओळखायचा. दोन-तीन तर मी दिसलो की वळण घ्यायचे, पुन्हा हाच बोलत बसेल म्हणून. मराठी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी डाळीशी बोलायचो. चल गं बाई, शीज आता, मीटिंग आहे. रेडिएटर खळखळ करायचा तेव्हा वाटायचं, कोणीतरी ‘हं, मग?’ म्हणतंय. मी त्याला पुढचं सांगायचो. पुण्याहून आईबाबांचा फोन यायचा, त्यात वाफ घे आणि हळद घे या दोन आज्ञा असायच्या. दोन्ही घेतो म्हटलं की फोन संपायचा.

राहिला मामा.

मामा आईचा थोरला भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, मामी गेल्यापासून दाभोळच्या खाडीकाठी एकटाच राहणारा. माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्याच्याबरोबर जेटीवर गरवण्यात गेल्या. गरवणं म्हणजे काठी नाही, चाक नाही, काही नाही. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, टोकाला गळ म्हणजेच गरी आणि शिसाचा तुकडा, आणि मधे आपलं बोट. तंगूस तर्जनीवरून सोडायची आणि बसायचं. खाली काय चाललंय ते बोटाला कळतं. कळायला मात्र तास तास लागतात, आणि तेवढा वेळ तोंड रिकामं ठेवणं आमच्या घराण्याला जमणारं नाही. म्हणून जेटीवर थापांचा खेळ चालायचा.

खेळाचे नियम कडक होते. एकाने थाप सांगायची. बाकीच्यांनी ‘खरं का?’ असं विचारायचं नाही. विचारलं तो तिथल्या तिथे बाद. पुरावा मागायचा नाही आणि दाखवायचा तर मुळीच नाही. विचारायचा तो फक्त बारकावा. किती वाजता? कुठल्या हाताने? पाऊस होता का? सांगणारा असो की विचारणारा, अडखळला की हरला. उत्तर येतच नसेल तर एकदाच ‘मुदत’ मागता यायची, पुढच्या भरतीपर्यंत. हरेल त्याने टपरीवरून सगळ्यांचा चहा आणायचा.

या खेळात कायमचा तिसरा गडी म्हणजे पोस्टकाका. गावात पत्रं वाटण्यात आयुष्य गेलेला मामाचा दोस्त. मी काका म्हणायचो, मामा नुसतं पोस्ट्या. पोस्टमनचाच तो जीव, त्याला घटनेपेक्षा पत्त्यात रस. कसलीही थाप असो, काकांचा प्रश्न ठरलेला: “शेजारी कोण?” घराला आग लागल्याची गोष्ट सांगा, शेजारी कोण? वाघ दिसल्याचं सांगा, वाघाच्या शेजारी कोण? एकदा मामाने सांगितलं, गरीला असा शेंगाळा मासा लागला की त्याने होडीसकट ओढत नेऊन अंजनवेलच्या दीपगृहाला प्रदक्षिणा घातली.

काका डोळे बारीक करून म्हणाले, “होडीत शेजारी कोण होतं?”

“तूच होतास की मेल्या! झोपला होतास.”

काका जरा वेळ विचारात पडले. मग मान हलवून चहा आणायला उठले.

त्या साथीच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला काका गेले. तेव्हा माणसं जशी जात होती तशीच: ॲम्ब्युलन्स आली, रत्नागिरीला नेलं, परत आणलं नाही. मामाला दुरूनसुद्धा बघता आलं नाही. ही बातमी मला त्याने एका वाक्यात सांगितली आणि त्यानंतर त्याची वाक्यं आखूड होत गेली. मी दर रविवारी फोन करायचो. पूर्वी हाच माणूस फोनवर इतकं बोलायचा की माझा कान गरम होऊन त्यावर पोळी भाजता आली असती. आता:

“मामा, कसा आहेस?”

“बरा.”

“जेटीवर जातोस का?”

“नाही.”

“जेवलास?”

“हो. बरं, ठेवू?”

माझ्या आठवड्यात मराठीचं एवढंच एक दुकान उघडं होतं, आणि तेही शटर निम्मं पाडून बसलं होतं. एक रविवार असा येणार की हा ‘बरा’सुद्धा म्हणणार नाही, अशी मला भीती बसली. त्याच्यासाठी म्हणावी तर होतीच, पण खोटं कशाला बोलू, निम्मी माझ्यासाठी होती. तिकडचा आवाज थांबला तर मग मी आणि कुकर.

आणि जानेवारीतल्या एका रविवारी, “बरं, ठेवू?” त्याच्या ओठांवर असताना, माझ्या तोंडून निघून गेलं:

“मामा, इथला कालवा गोठलाय. वीतभर बर्फ. लोक त्याला भोक पाडून मासे धरतायत. काल मी पण गेलो होतो.”

थंडी खरी होती. कालव्यावर पातळ पापुद्रा धरला होता, हेही खरं. बाकी सगळं आमचं घरगुती उत्पादन.

पडद्यावर मामाचा अर्धाच चेहरा दिसायचा, कारण फोन कुठे धरायचा हे तो कधीच शिकला नाही. त्या अर्ध्या चेहऱ्यातला एक डोळा माझ्याकडे वळला.

“तंगूस कुठली?”

‘ठेवू?’ सोडलं तर कित्येक महिन्यांत त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न! मी खुर्चीतून पडायचा राहिलो. आणि घाईत घात केला.

“साधी.”

“साधी म्हणजे? बर्फात साधी चालते?”

“म्हणजे... तशी नाही...”

“अडलास.”

“मुदत!” मी ओरडलो. “मुदत मागतो!”

“पुढची भरती.”

“मामा, इथे खाडी नाही, भरती कुठून आणू? पुढचा रविवार धर.”

“धरला,” मामा म्हणाला, आणि ‘ठेवू’ न विचारताच फोन ठेवला. इतका आनंद मला त्या वर्षी कशानेच झाला नव्हता.

मग अभ्यास. कॅनडातले, फिनलंडमधले दाढीवाले बाप्ये बर्फावर स्टूल टाकून बसतात आणि दोऱ्यावर अशी चर्चा करतात की आपल्याकडे सोयरिकीत तेवढी होत नाही. मी त्यांचे व्हिडिओ बघत जेवलो, व्हिडिओ बघत झोपलो. एका मीटिंगमध्ये मॅनेजरने काहीतरी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ते बर्फाच्या जाडीवर अवलंबून आहे. त्याने ते लिहून घेतलं.

पण वाचून थाप टिकत नाही. थापेला हात लागलेला असावा लागतो. मी लिमरिककडच्या, मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानाला फोन लावला. दुकान बंद होतं, पण सामान पोस्टाने पाठवत होते. फोन उचलणारा आवाज साठीच्या पुढचा. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते कायम मराठीतच आठवतं.

“आईस फिशिंगसाठी लाइन हवी आहे,” मी म्हणालो.

“कुठे जाणार?”

“लिक्सलिप. रॉयल कॅनॉल.”

मला वाटलं, ठेवला. मग आवाज आला:

“आणि भोक केवढं पाडायचा विचार आहे?”

माझ्या अंगावर काटा आला. बारकावा! या गृहस्थाने ‘खरं का?’ विचारलं नव्हतं. ‘डोकं ठिकाणावर आहे का?’ विचारलं नव्हतं. सरळ जेटीवर येऊन बसला होता.

“बशीएवढं.”

“बशीएवढ्या भोकातून पाइक कसा काढणार?” पाइक म्हणजे तिथला हातभर लांब, दातेरी मासा.

“उभा.”

“डोक्याकडून की शेपटीकडून?”

“त्याला विचारून.”

“गुड मॅन,” तो म्हणाला, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्याने त्याच्या चुलत आजोबांची गोष्ट काढली. एका हिवाळ्यात तळं तळापर्यंत गोठलं. आजोबांना भोकातून पाइक लागला तो इतका लांब की शुक्रवारी ओढायला घेतला आणि शेपटी बाहेर आली तेव्हा लोक रविवारच्या प्रार्थनेहून परतत होते.

मी लगेच विचारलं, “तंगूस कुठली होती?”

“आजीच्या विणकामातली लोकर.”

“ओली लोकर जड होत नाही?”

“होते ना. म्हणून तर दोन दिवस लागले.”

हरलो असतो मी, पण चहाचा नियम त्याला माहीत नव्हता.

मग त्याने दोऱ्याचं सांगितलं, आणि तेव्हा मात्र आवाज बदलला. विणीचा दोरा मऊ असतो, बोटाला सगळं कळतं, पण तो पाणी पितो. बाहेर काढला की गोठतो आणि मण्यांची माळ होते. साधी नायलॉनची स्वस्त, पण थंडीत ताठरते आणि गुंडाळीचे वळसे विसरत नाही. तिसरी एक असते, फ्लुरोकार्बन, पाणी पीत नाही, आपसूक बुडते, पाण्यात दिसत नाही. पण जाड घेतली तर तारेसारखी वागते, आणि अगदी बारीक घेतली तर बर्फाची कड तिला कापते. “मधली घे,” तो म्हणाला. “चार पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसेल अशी. आणि तिच्या रिळावरच राहू दे.”

फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, आणखी काही हवंय का? मी म्हणालो, शिसाचे तुकडे द्या. पुन्हा विचारलं, आणखी काही? मला काही नको होतं. मी म्हणालो, थांबा, आठवतो. तोही म्हणाला, आठव, आठव, घाई नाही. आम्ही दोघं तसेच थोडा वेळ लाइन धरून राहिलो. मग त्याच्या मागे कुठेतरी किटली शिट्टी मारू लागली.

पाकीट आलं. आता इथे मी ती चूक केली जी फिनलंडमधला दाढीवाला सात जन्मांत करणार नाही. रिळावर तंगूस? आमच्या जेटीवर रीळ घेऊन आलेल्या माणसाला पर्यटक म्हणतात. तंगूस बाटलीवरच असायला हवी. घरात एकच योग्य मापाची बाटली होती, खोकल्याच्या औषधाची, अंगठ्याहून थोडी जाड. तिच्यावर मी सगळी तंगूस वळसा वळशाला चिकटवून, मामाने शिकवली तशी घट्ट गुंडाळली आणि बाटली कौतुकाने रेडिएटरवर ठेवून दिली. दोन दिवस ती तिथे शेकत बसली.

शनिवारी सकाळी उजाडल्यावर मी बाटली, शिसं आणि फ्लॅटमेटच्या खलबत्त्यातला बत्ता खिशात घालून लुईझा ब्रिजच्या बाजूने कालव्यावर उतरलो. गवत मीठ टाकल्यासारखं पांढरं. एका बोटीच्या कडेला बदकं एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायाचा विचार करत होती. काठावरच एक दगडी पायरी होती, तिथे बसलो. डाव्या बाजूला बाटली ठेवली, उजव्या बाजूला बत्ता. बर्फावर उतरायचा प्रश्नच नव्हता. त्याने माझं वजन सोडा, माझा विचारसुद्धा पेलला नसता. वाकून बत्त्याने एकदा टोचलं. बशीएवढं भोक पडलं. वीतभर बर्फ कसला, लिज्जतदार पापडाएवढा होता.

गळ बांधला नव्हता. मासा मला नकोच होता, मला उत्तरं हवी होती. शिसाचा तुकडा बांधून तंगूस सोडली आणि ती बाटलीवरून सरळ चकलीसारखी वळसे घेत उतरली. भोकात जायच्याऐवजी बर्फावर गोळा होऊन बसली. ओढून बघितली, सोडली, पुन्हा चकली. औषधाच्या बाटलीचा आकार तिने असा पाठ केला होता की तिला आता खोकलाच यायचा बाकी होता. शेवटी तिचा हातभर हातभर तुकडा तोंडात धरून गरम केला, ताणला आणि सोडला. रस्त्यावरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बिचारा कालवा खातोय.

बुडाली एकदाची. हातमोजा काढून तर्जनीवर घेतली. थंडीने बोट आधी दुखलं, मग दुखायचं थांबलं. शिसं तळाच्या शेवाळाला टेकलं ते कळलं, अगदी जेटीवर कळायचं तसं. बर्फाच्या कडेला दोरा घासला की बोटात बारीक करकर यायची. हे सगळं मी मनात टिपत होतो: करकर, कड, चकली, मण्यांएवढे थेंब. आता मामा कसंही विचारो.

एक आजी कुत्रा घेऊन आल्या. मला बघून थांबल्या, नियमाप्रमाणे लांबच.

“काही लागलं का?”

“अजून नाही.”

“ग्रँड,” आजी म्हणाल्या आणि गेल्या. कुत्रा ओळखीचा होता. त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्यानंतर कोणी आलं नाही. उठायला हवं होतं. माहिती गोळा झाली होती, पाय बधिर झाले होते. पण तंगूस बोटावर असली की उठवत नाही. भोकाच्या कडेने पुन्हा पातळ साय धरू लागली, ती मी बत्त्याने सारत होतो. रेल्वेची एक रिकामी गाडी डब्लिनकडे गेली, सगळे दिवे लावून. ती गेल्यावर इतकं शांत झालं की मी आपला आपल्याशीच म्हणालो, “हं, मग?” आणि तोंडातून निघालेल्या वाफेकडे बघत राहिलो.

रविवारी फोन लावायच्या आधीच मामाचा आला. हेही कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

“बोल. तंगूस कुठली?”

मी सुरू झालो. कालवा वीतभर गोठलेला, त्यावर जत्रा, सांता क्लॉजचा धाकटा भाऊ शोभेल अशा माणसाचं भज्यांचं दुकान, आणि माझ्या भोकातून निघालेला पाइक, जो मी उभा काढला. तंगूस चार पौंडी फ्लुरोकार्बन. का? पाणी पीत नाही म्हणून. विणलेली का नाही? मण्यांची माळ होते म्हणून. कशावर गुंडाळलेली? बाटलीवर. कसली बाटली? औषधाची. मग वळसे राहिले असतील! राहिले, तोंडात धरून सरळ केली. चव कशी? खडीसाखरेचं पाणी महिनाभर ठेवल्यासारखी. बर्फाची कड लागली तर कळतं कसं? करकरते. कुठे, कानात? नाही, बोटात.

पडद्यावरचा अर्धा चेहरा पाऊण झाला होता. मामा पुढे सरकून बसला होता. बारकाव्यामागून बारकावा, आणि मी एकही सोडत नव्हतो. मामाला हरवायची ही माझी आयुष्यातली पहिली संधी होती. त्याचा दारूगोळा संपत आलेला दिसत होता. त्याने डोळे बारीक केले.

“शेजारी कोण?”

सगळ्याची तयारी होती. जत्रेतली हजार माणसं तयार होती, त्यांतला कोणीही उचलून शेजारी बसवता आला असता. दुकानदार होता, आजी होत्या, कुत्रासुद्धा चालला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे एकदम ती दगडी पायरी आली. डावीकडे बाटली, उजवीकडे बत्ता. आणि विचारणारा आवाज मामाचा असला तरी प्रश्न मामाचा नव्हता. तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.

प्रश्न मामाच्याही तोंडून नकळत निघाला असावा. तिकडे कावळा ओरडत होता, तो तेवढा ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, “अडलास.”

“अडलो.”

“मुदत संपलेली आहे तुझी.”

“माहितेय.”

“मग उठ. चहा आण.”

“मामा, कुणासाठी? कुठून आणू? मी इथे, तू तिथे.”

“ते मला सांगू नको. हरला की चहा. किती जणांचा?”

मी म्हणालो, “तिघांचा.”

“हं. कर मग.”

फोन खिडकीत टेकवून मी चहा टाकला. आलं संपलं होतं, तर मामा तिकडून म्हणाला, सुंठ घाल, आणि सुंठ खरंच प्रेसमध्ये मेतकुटाच्या मागे सापडली. एक माझा मग, एक फ्लॅटमेटचा, तिसरं काही नव्हतं म्हणून तांदूळ मोजायचा कप. तिन्ही ओळीने फोनपुढे मांडले.

“साखर कमी दिसतेय पोस्ट्याच्या कपात,” मामा म्हणाला. “त्याला दोन चमचे लागते.”

घातली.

“आता?”

“आता पी. आमचे पण तूच पी. थंड होतील.”

तिन्ही कप संपेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही. तिसरा कप पाकासारखा गोड होता. तो मी घोट घोट करून संपवला आणि रिकामा कप पडद्यापुढे उलटा करून दाखवला.

“पुढच्या रविवारी डाव माझा,” मामा म्हणाला.

सोमवारी बर्फ वितळला. कालवा असा वाहू लागला जणू त्याने कधी काही केलंच नव्हतं.

आणि रविवारी मामाने थाप सांगितली. काल दुपारी म्हणे तो जेटीवर गेला होता. ओहोटी संपून पाणी नुकतं वळत होतं. कोळंबी लावून गरी सोडली आणि लागली तांबोशी. केवढी? तर वर ओढली तेव्हा जेटी एका बाजूला कलली, पलीकडच्या फेरीबोटीतल्या माणसांनी हात जोडले, टपरीवाल्याच्या बरण्या घसरल्या. फोन कशाला तरी टेकवून तो हात पसरून सांगत होता आणि हात दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर जात होते.

“विचार,” तो म्हणाला.

माझ्याकडे एकच प्रश्न होता, पोस्टकाकांचा. मामाने अडकावं असं वाटत असेल तर तो हमखास होता, आणि मामालाही ते माहीत होतं. हात पसरलेले तसेच ठेवून तो माझ्याकडे बघत होता. अर्धा चेहरा, एक डोळा.

मी म्हणालो, “तंगूस कुठली?”

हात खाली आले.

“पोस्ट्याची,” मामा म्हणाला. “त्याच्या बायकोने बाटली आणून दिली होती. माळ्यावर ठेवली होती मी. काल काढली.”

“जुनी असेल. धरते का?”

“पिवळी पडलीय. पण धरते.”

“गाठ?”

“गाठ त्यानेच मारलेली होती. तशीच ठेवली.”

“वळसे?”

“ते असणारच. समुद्राचं पाणी लागलं की हळूहळू सरळ होते.” तो पुढे सरकला. “अजून विचार. मी तयार आहे.”

“नाही मामा. सुटलास.”

“बघ हां. मागून म्हणशील.”

“नाही म्हणणार.”

मग त्याने टपरीवाल्याच्या फुटलेल्या बरण्यांची सविस्तर हकिकत सांगितली, प्रत्येक बरणीत काय होतं त्यासह, आणि माझा कान पुन्हा तापला.

जेटी, पाणी, तांबोशी, बाटली, गाठ. ‘खरं का?’ असं विचारलं की आमच्यात माणूस बाद होतो आणि चहा त्याच्यावर येतो. मी नाही विचारलं. तो मोजायचा कप मी घासून प्रेसमध्ये ठेवला होता, कुकरच्या शेजारी, आणि तिसऱ्या चहाची साखर अजून दातांत होती.